शिकारीच्या कपड्यांत रेंगाळणारा डिटर्जंटचा सुगंध कसा काढावा

सुगंधी डिटर्जंटने आणि सॉफ्टनरने धुतलेले शिकारीचे कपडे नंतर बिनवासाच्या डिटर्जंटने दोन-तीनदा धुतले, तरी त्यांचा वास पुरता जात नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. कपाटातून काढताना कपडा निर्गंध वाटतो, पण अंगावर चढवून थोडी चाल झाली आणि शरीराची ऊब व घामाचा ओलावा त्यात शिरला की तोच फुलांचा गोडसर दर्प पुन्हा जाणवू लागतो. हरीण, रानडुक्कर, अस्वल यांसारखी जनावरे धोका ओळखण्यासाठी डोळ्यांपेक्षा नाकावर अधिक भरवसा ठेवतात. रानात कधीही नसणारा हा कृत्रिम वास त्यांच्यापर्यंत वाऱ्याने पोहोचला, तर दबा धरून घालवलेले सगळे तास वाया जातात. हीच अडचण लपणात बसून वन्यप्राण्यांचे निरीक्षण किंवा छायाचित्रण करणाऱ्यांनाही येते, आणि पुढील सर्व पद्धत त्यांनाही जशीच्या तशी लागू पडते.

हा वास इतका चिवट का असतो, हे आधी समजून घ्यावे, कारण त्यावरच उपायांचा क्रम ठरतो. आपल्याला जो सुगंध येतो, त्यातील हलके घटक लवकर उडून जातात. कपडे वाऱ्यावर टांगले की पहिल्या दिवसात कमी होतो तो हाच भाग. कस्तुरीसारखा गंध देणारी जड कृत्रिम द्रव्ये मात्र पाण्यात फारशी विरघळत नाहीत, सावकाश उडतात आणि धाग्याला धरून राहतात. फॅब्रिक सॉफ्टनरचे काम तर कपड्यावर थर सोडण्याचेच असते: त्यातील धनभारित, मेदयुक्त रेणू धाग्यांवर पातळ, तेलकट लेप चढवतात, त्यामुळे कपडा मऊ लागतो, आणि त्याच लेपात सुगंध साठून राहतो. शिवाय ‘अनेक दिवस टिकणारा ताजेपणा’ देणाऱ्या अनेक उत्पादनांत सुगंध अतिसूक्ष्म कुप्यांत बंद केलेला असतो. या कुप्या धुण्यात धाग्यांमध्ये अडकतात आणि नंतर कापडाला कापड घासले गेले की फुटतात. चालताना काखेत, मांड्यांपाशी, पिशवीच्या पट्ट्याखाली वास अचानक वाढतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून येथे खरे काम वास घालवण्याचे नसून, ज्या थरात तो साठला आहे तो थर काढण्याचे आहे. थर तसाच ठेवून केलेले सर्व उपाय, मग ते फवारे असोत, धूर देणे असो की पालापाचोळ्यात कपडे पुरून ठेवणे असो, तात्पुरते ठरतात.

कापडाच्या जातीनेही फरक पडतो. पॉलिएस्टरला पाण्यापेक्षा तेलकट पदार्थ अधिक जवळचे असतात, त्यामुळे सुगंधी द्रव्येही त्यात घट्ट धरली जातात. सुती कापड पाणी सहज शोषते आणि म्हणूनच त्यातून थर धुऊन निघणे तुलनेने सोपे असते. लोकर वास सावकाश सोडते, पण तिच्यावर तीव्र उपाय करता येत नाहीत. कपड्यांची विभागणी रंगांपेक्षा कापडाप्रमाणे करावी आणि प्रत्येक कपड्याच्या आतली धुण्याच्या सूचनांची पट्टी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आधी यंत्र

बहुतेक प्रयत्न फसतात ते येथेच. ज्या यंत्रात वर्षानुवर्षे सुगंधी डिटर्जंट वापरले गेले, त्याच्या साबण घालण्याच्या खणात, समोरून उघडणाऱ्या यंत्राच्या दाराभोवतीच्या रबरी कडेत आणि आतील नळ्यांत चिकट साका जमलेला असतो, आणि तो प्रत्येक धुण्यात थोडाथोडा सुटून कपड्यांवर परत बसतो. यासाठी खण बाहेर काढून गरम पाण्याने व ब्रशने घासावा, तो जेथे बसतो ती पोकळीही पुसावी, रबरी कडेची घडी उलगडून आतला काळपट थर ओल्या फडक्याने काढावा. त्यानंतर यंत्र रिकामे ठेवून त्यात धुण्याचा सोडा घालावा आणि यंत्राला झेपेल तितक्या गरम पाण्यावर, शक्यतो 60 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानावर, पूर्ण चक्र चालवावे. चक्र संपल्यावर दार उघडून आत नाक घालावे; सुगंध येत असेल तर हे पुन्हा करावे.

ड्रायर वापरत असल्यास त्याचीही तीच कथा आहे. त्यात घालायच्या सुगंधी पट्ट्यांतील मेणासारखा पदार्थ गरम होऊन ढोलाच्या आतल्या भिंतीवर बसतो. ढोल गार असताना धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने तो पुसावा, मग साध्या पाण्याने पुसावा आणि धागे अडकवणारी जाळी धुऊन वाळवावी. एवढे करणे शक्य नसेल, किंवा यंत्र सार्वजनिक असेल, तर माझा स्पष्ट सल्ला असा आहे की हे कपडे यंत्रात घालूच नयेत. एक स्वच्छ बादली आणि भरपूर पाणी हे सुगंधाने भरलेल्या यंत्रापेक्षा केव्हाही चांगले. बादलीही मात्र सुगंधी पावडरीची नेहमीची नसावी, कारण प्लास्टिक वास धरून ठेवते.

थर सोडवणे

सुती आणि पॉलिएस्टरच्या साध्या कपड्यांसाठी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, हा सर्वांत उपयोगी पदार्थ आहे. तो पाण्याला बराच अल्कधर्मी करतो, त्यामुळे मेदयुक्त थर सैल होतो. आणि पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बाजूला सारून डिटर्जंटला नीट काम करू देतो. जड पाण्यात साबणाचा जो पांढुरका साका कपड्यात राहतो, त्यातही सुगंध अडकून बसतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा म्हणजे वेगळा, सौम्य पदार्थ होय. तो वास काही प्रमाणात ओढून घेतो, पण तेलकट थर सोडवण्याची ताकद त्याच्यात फारशी नसते, तेव्हा एकाच्या जागी दुसरा वापरून तोच परिणाम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

साधारण 10 लिटर गरम पाण्यात 3 ते 4 मोठे चमचे धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवावा आणि त्यात थोडे निर्गंध द्रव डिटर्जंट मिसळावे. पाणी किती गरम असावे हे कपड्याच्या पट्टीवरून ठरवावे. 40 ते 60 अंश हा पल्ला बहुतेक साध्या कपड्यांना चालतो. रबराचे हातमोजे घालावेत, कारण सोड्याने हातांची त्वचा कोरडी पडून जळजळते. कपडे उलटे करून, खिसे रिकामे करून, चेन व बटणे उघडी ठेवून या पाण्यात बुडवावेत आणि 4 ते 6 तास भिजत ठेवावेत. मधून मधून हाताने किंवा काठीने खालीवर करावेत. पाणी गढूळ, घसरट झाले आणि ढवळताच सुगंध वर आला तर खचून जाऊ नये, थर सुटत असल्याचीच ती खूण आहे. असे पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात तीच कृती पुन्हा करावी. त्याच पाण्यात रात्रभर ठेवण्यापेक्षा दोन वेळा ताज्या पाण्यात भिजवणे अधिक परिणामकारक असते, कारण सुटलेला मळ व सुगंध पाणी गार झाल्यावर पुन्हा कापडावर बसू लागतो.

तरीही वास उरला तर सोडियम परकार्बोनेट असलेली, क्लोरीनविरहित व सुगंधविरहित डाग काढायची पावडर वापरता येते. गरम पाण्यात तिच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते अनेक गंधद्रव्यांचे ऑक्सिडीकरण करते. पाणी 40 अंशांहून गार असेल तर हे काम मंदावते. रंगीत कपड्यावर वापरण्यापूर्वी आतील शिवणीवर थोडे पाणी लावून रंग उतरतो का, हे पाहावे, आणि पावडर विरघळलेले पाणी झाकण घट्ट लावून कधीही साठवू नये, कारण त्यातून वायू सुटत राहतो.

व्हिनेगरचे या कामातील महत्त्व बरेच फुगवून सांगितले जाते. ते आम्ल असल्यामुळे सोड्याचा उरलेला अल्कधर्मीपणा शेवटच्या पाण्यात घालवण्यासाठी उपयोगी पडते. सुमारे 20 लिटर पाण्यात एक कप पांढरे व्हिनेगर पुरते आणि त्याचा स्वतःचा वास कपडे वाळताना उडून जातो. सॉफ्टनरचा लेप मात्र त्याने निघत नाही. व्हिनेगर आणि सोडा एकाच वेळी घातले तर ते फेसाळतात खरे, पण तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांची शक्ती संपवल्याची खूण असते. धोक्याची एक सूचना येथे दिलीच पाहिजे: क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून हे दोन पदार्थ एका बादलीत, एका यंत्रात, एकापाठोपाठही येऊ देऊ नयेत. परकार्बोनेटच्या पाण्यातही व्हिनेगर घालू नये. खरे तर ब्लीचची या कामात गरजच नसते. त्याचा स्वतःचाच वास चिवट असतो.

खळबळणे आणि पिळणे

भिजवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष खळबळण्याकडे द्यावे. समजा, नीट पिळलेल्या कपड्यांत 2 लिटर पाणी राहते आणि त्यांना 18 लिटर ताज्या पाण्यात खळबळले, तर पाण्यात उतरलेल्या द्रव्यांचा दहावा हिस्सा मागे उरतो. असे तीनदा केले की हजारावा हिस्सा उरतो. पण पिळण्याचा आळस केला आणि कपड्यांत 6 लिटर पाणी राहू दिले, तर त्याच 20 लिटरच्या हिशेबाने तीन वेळांनंतरही पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 27 पट अधिक द्रव्य मागे राहते. यावरून दिसते की खळबळण्याच्या संख्येपेक्षा प्रत्येक वेळी घट्ट पिळणे महत्त्वाचे आहे. यंत्रात ‘जादा खळबळणे’ निवडताना मध्ये फिरकीने पाणी काढले जाते की नाही, हे पाहावे, आणि ढोल निम्म्याहून अधिक भरू नये.

त्यानंतर कपडे निर्गंध डिटर्जंटने एकदा नेहमीप्रमाणे धुवावेत, तेही पुड्यावर सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त न घालता. ‘वासरहित’ असे लिहिलेल्या काही उत्पादनांत कच्च्या मालाचा वास झाकण्यासाठी थोडे सुगंधी द्रव्य घातलेले असते. म्हणून वेष्टनाच्या पुढच्या बाजूवरील शब्दांवर न जाता मागची घटकांची यादी वाचावी आणि तीत सुगंध किंवा परफ्यूम हा घटक नसेल तेच घ्यावे.

वाळवण्याचे काम मोकळ्या, वाहत्या हवेवर सोपवावे. ऊन, वारा आणि वेळ ही तिन्ही उरलेल्या गंधद्रव्यांना उडवून नेतात, आणि यासाठी दोन-तीन दिवस दिले तरी जास्त होत नाहीत. दोरीची जागा स्वयंपाकाचा धूर, वाहनांचा धूर आणि शेजारच्या सुगंधी धुण्यापासून दूर असावी. दोरी व चिमटेही आधी धुऊन घ्यावेत. कडक उन्हाने रंग फिका पडतो, म्हणून गडद कपडे उलटे करून वाळत घालावेत. शिकाऱ्याने इतरांना दिसावे म्हणून वापरायचे भडक नारिंगी जाकीट मात्र सावलीतच वाळवावे. त्याचा रंग विटला तर ते ज्या सुरक्षिततेसाठी आहे तीच कमी होते.

ज्यांना हात जपून लावावा

लोकरीला धुण्याचा सोडा, परकार्बोनेट आणि गरम पाणी ही तिन्ही वर्ज्य आहेत, कारण अल्कलीने तिचा प्रथिनांचा धागा कमजोर होतो आणि गरम पाण्यात घासल्यास ती आटते. तिच्यासाठी कोमट किंवा गार पाणी, लोकरीचे निर्गंध द्रव डिटर्जंट, न घासता हलके दाबणे, आणि मग सपाट पसरून अनेक दिवस हवेवर ठेवणे एवढेच करावे. दोन-तीन फेऱ्या लागतील. घाई करून चांगला सदरा गमावण्यापेक्षा ते बरे.

आतून जलरोधक पडदा असलेल्या जाकिटांच्या बाबतीत सुगंध हा दुहेरी शत्रू आहे. डिटर्जंट आणि सॉफ्टनरचा उरलेला अंश बाहेरच्या कापडाचा पाणी झटकण्याचा गुण मारतो, पावसात कापड ओलेचिंब होते, आणि मग आतली वाफ बाहेर पडत नाही. अशा जाकिटांसाठी बनवलेला विशेष निर्गंध द्रव वापरावा, चार-पाच वेळा खळबळावे, आणि पट्टीवर परवानगी असेल तर सौम्य उष्णतेवर ड्रायरमध्ये फिरवावे, म्हणजे पाणी झटकण्याचा गुण बराचसा परत येतो. गंध शोषणारा सक्रिय कार्बन असलेले कपडे तर सुगंधी धुण्यात कधीच जाऊ देऊ नयेत. कार्बन माणसाचा गंध आणि डिटर्जंटचा सुगंध असा भेद करत नाही; सुगंधाने त्याची जागा भरली की शरीराच्या गंधासाठी ती उरत नाही, आणि घरगुती ड्रायरच्या उष्णतेने तो पूर्णपणे मोकळा होत नाही.

गोचिडांपासून संरक्षणासाठी पर्मेथ्रिन लावलेले कपडे असतील, तर वर सांगितलेल्या जोरदार धुण्याने त्याचा प्रभाव घटतो, हे गृहीत धरून पुन्हा लेप द्यावा लागेल. ओले पर्मेथ्रिन मांजरांना घातक असते. घरात मांजर असल्यास कपडे पूर्ण वाळेपर्यंत तिला त्यांच्या जवळ येऊ देऊ नये.

वास गेला की नाही

स्वतःच्या नाकावर येथे विश्वास ठेवता येत नाही. जो वास रोज आपल्या अंगावर, अंथरुणात आणि टॉवेलात असतो, तो आपल्याला जाणवेनासा होतो. यासाठी झाकणाची काचेची स्वच्छ बरणी घ्यावी, तीत कपड्याची बाही किंवा कॉलर कोंबून चमचाभर कोमट पाणी शिंपडावे, झाकण लावून अर्धा तास उबदार जागी ठेवावे आणि मग उघडताक्षणी हुंगावे. ऊब व ओलावा मिळाल्यावर जे रानात घडणार तेच येथे घडते. ज्याच्या घरी वेगळे डिटर्जंट वापरले जाते अशा व्यक्तीला हुंगायला दिले तर निर्णय अधिक खात्रीचा होतो. काख, कॉलर, कंबरपट्टा आणि जाड शिवणी या जागा वेगळ्या तपासाव्यात, कारण थर तेथे सर्वांत शेवटी निघतो.

डिटर्जंट आणखी एक गोष्ट मागे ठेवते: ऑप्टिकल ब्राइटनर. ही द्रव्ये अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे कपडा आपल्याला अधिक उजळ दिसतो. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आणि निळ्या बाजूचा प्रकाश त्यांना चांगला दिसतो. याउलट नारिंगी रंग त्यांना आपल्याइतका वेगळा जाणवत नाही. म्हणून ब्राइटनरच्या धास्तीने सुरक्षेचे नारिंगी जाकीट टाकून देण्याचे काहीच कारण नाही. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च कपड्यावर टाकला असता तो निळसर पांढरा चमकला, तर ब्राइटनर आहे असे समजावे. टॉर्च डोळ्यांवर मात्र मारू नये. सुती धाग्यात बसलेले ब्राइटनर धुण्याने सहसा निघत नाही, तेव्हा बाहेरून घालायचा नवा कपडा पहिल्या दिवसापासूनच ब्राइटनर नसलेल्या डिटर्जंटने धुणे हाच खरा मार्ग आहे. टर्कीसारख्या पक्ष्यांच्या शिकारीत वासापेक्षा हीच बाब अधिक सांभाळावी, कारण ते नाकापेक्षा नजरेवर विसंबतात.

पुन्हा लागू न देणे

आतले कपडे, मोजे, टोपी आणि हातमोजे याच पद्धतीने धुतले नाहीत, तर बाहेरच्या जाकिटावर घेतलेले कष्ट फुकट जातात. शरीराला लागून असलेला कपडाच सर्वांत जास्त तापतो आणि वास सोडतो. आंघोळीचा टॉवेलही निर्गंध धुण्यातला असावा. वाळलेले कपडे घट्ट झाकणाच्या, आधी धुऊन उन्हात ठेवलेल्या डब्यात ठेवावेत, आणि त्यात डांबरगोळ्या, सुगंधी पिशव्या किंवा सुगंधी कचरापिशव्या घालू नयेत. कपड्यात किंचितही ओल राहिली असेल तर डबा बंद करू नये, नाहीतर सुगंधाच्या जागी कुबट वास येईल. वाहनात सुगंधी वडी टांगलेली असल्यास, किंवा वाटेत इंधन भरायचे असल्यास, डबा बंदच ठेवून कपडे जागेवर पोहोचल्यावर घालावेत.

इतके करूनही माणसाच्या अंगाचा व श्वासाचा गंध उरतोच. तो कोणत्याही धुण्याने संपत नाही. त्यामुळे बसण्याची जागा वाऱ्याच्या दिशेप्रमाणे निवडण्याचा नियम निर्गंध कपड्यांमुळे शिथिल होत नाही. वारा सावजाकडून आपल्याकडे वाहत असला पाहिजे, आणि तो फिरला तर जागा बदलली पाहिजे.